दोन कुलुपांचा क्रम : ग्राफिक्सची मेमरी हाताळताना कर्नेलची कोंडी कशी होते

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी अभियांत्रिकीचे चार-पाच विद्यार्थी जमतात. त्यांतले बहुतेक जण कलाभवनात, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेच्या आवारातल्या अभियांत्रिकी विद्याशाखेत शिकतात. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी अशी त्यांची स्थिती असल्यामुळे, कर्नेलसारखा, म्हणजे संगणकाच्या व्यवस्थेच्या गाभ्यातल्या प्रोग्रामसारखा, विषय कोणीतरी घरच्या भाषेत उलगडून सांगावा ही त्यांची गरज खरी आहे. गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी एकाने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, माझा प्रोग्राम नीट चालतो आहे, एकदाही अडकलेला नाही, तरी कर्नेल म्हणते की यात कोंडी होऊ शकते. खरे कोणाचे मानायचे?"

कोंडी म्हणजे कामे एकमेकांसाठी थांबून कायमची अडकणे. खरे कर्नेलचेच होते. त्या मुलाने सरावासाठी लिहिलेल्या शे-दीडशे ओळींच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एखादे उपकरण कर्नेलच्या वतीने हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये, जी चूक होती, तीच चूक लिनक्सच्या कर्नेलमधल्या इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्येही होती आणि २००९ मध्ये ती दुरुस्त करावी लागली. अनुभवी माणसांच्या हातून झालेली आणि शिकाऊ मुलाच्या हातून झालेली चूक तंतोतंत एकच निघते, तेव्हा ती निष्काळजीपणाची नसते. त्या जागेची घडणच तशी असते. ती घडण समजावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संगणकावरचा कोणताही प्रोग्राम रॅमला, डिस्कला किंवा पडद्याला थेट हात लावत नाही. तो कर्नेलकडे मागणी करतो आणि कर्नेल ती पुरवते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेले लिनक्स हे असेच एक कर्नेल आहे. पडद्यावर जे दिसते तेही अखेर मेमरीतच असते. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावरचे एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर, ८२,९४,४०० बाइटचे होते. कर्नेल मेमरी ४०९६ बाइटच्या पानांत मोजते, आणि त्या हिशोबाने हे चित्र बरोबर २०२५ पानांचे भरते. सेकंदाला अशी ६० चित्रे रंगवायची म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट हलवायचे. शिवाय खिडक्या, अक्षरे, व्हिडिओ, खेळातल्या भिंतींचे पोत यांसाठी लागणारे मेमरीचे तुकडे वेगळेच. असा प्रत्येक तुकडा कुठे आहे, तो सध्या कोण वापरत आहे, ग्राफिक्सच्या चिपला तो दिसतो आहे की नाही, याची नोंद ठेवणारी व्यवस्था कर्नेलमध्ये असते. इंटेलच्या अभियंत्यांनी तयार केलेली जेम ही अशी एक व्यवस्था २००८ च्या अखेरीस लिनक्समध्ये आली.

आजच्या संगणकात प्रोसेसरचे अनेक गाभे (कोअर) एकाच वेळी काम करतात, त्यामुळे ही नोंदवही एकाच क्षणी दोन हातांत पडण्याची शक्यता नेहमीच असते. एका गाभ्याला एखादे पान मोकळे दिसले आणि त्याने ते आपल्या नावावर लिहिण्यापूर्वीच दुसऱ्या गाभ्यालाही ते मोकळे दिसले, तर एकच पान दोघांना दिले जाते. हे टळावे म्हणून नोंदवहीला लॉक, म्हणजे कुलूप, लावतात. ज्याच्या हाती लॉक आहे त्यानेच वही उघडायची आणि बाकीच्यांनी थांबायचे, इतका हा साधा करार आहे. इथे एक गोष्ट मी मुलांना पुन्हापुन्हा सांगतो : लॉक प्रोग्रामच्या ओळींना लावलेले नसते, ते माहितीला लावलेले असते. कोणते लॉक कोणत्या माहितीची राखण करते हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ते लॉक घेणाऱ्यालाही आपण काय करतो आहोत हे माहीत नसते.

एक लॉक असेपर्यंत फारसे बिघडत नाही. अडचण दोन लॉकांपासून सुरू होते. आमच्या वाड्यात गौरी-गणपतीच्या दिवसांत कोठीची किल्ली काकूकडे आणि चांदीच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली आत्याकडे असे. समजा, काकू कोठी उघडून आत गेली आणि तूप काढायला चांदीची वाटी हवी म्हणून कपाटाच्या किल्लीची वाट पाहू लागली. त्याच वेळी आत्याने कपाट उघडले आणि भांडी पुसायची चिंच कोठीत आहे म्हणून ती कोठीच्या किल्लीसाठी थांबली. आपले काम पुरे झाल्याशिवाय हातातली किल्ली सोडायची नाही असा दोघींचा नियम असेल, तर आरती कधीच सुरू होणार नाही. प्रत्यक्षात अर्थातच एकीने दुसरीला हाक मारली असती. कर्नेलमधल्या लॉकांना हाक मारता येत नाही आणि थांबलेल्याला आपण कोणासाठी थांबलो आहोत हे कळत नाही, इथे हा दाखला संपतो. इंग्रजीत ज्याला डेडलॉक म्हणतात त्याला मराठीत कोंडी हा शब्द नेमका बसतो, म्हणून पुढे तोच वापरतो.

कोंडी होण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात, हे कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये मांडले. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातली न सोडता दुसरीची वाट पाहिली जाते, कोणाच्या हातातून ती हिसकावून घेता येत नाही, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पुरे होते. या चारांतली एक जरी मोडली तरी कोंडी होत नाही. सर्वांत स्वस्तात मोडता येते ती चौथी : सगळ्यांनी लॉक एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यायचे. कोठी आधी आणि कपाट नंतर, असे एकदा ठरले की वर्तुळ जुळतच नाही.

नियम इतका सोपा असताना चूक का होते? कारण कधी कधी आपण एकच लॉक घेतले आहे असे आपल्याला वाटत असते आणि दुसरे लॉक आपल्या नकळत घेतले जाते. ग्राफिक्सच्या मेमरीत हे घडते ते पेज फॉल्टच्या दारातून, आणि या दाराशी थोडे थांबले पाहिजे.

प्रोग्रामने मेमरी मागितली की कर्नेल बहुधा लगेच पाने काढून देत नाही. ते प्रोग्रामच्या मेमरीच्या नकाशात फक्त जागा राखून ठेवते. प्रोग्राम त्या जागेला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा तिथे पान नाही हे प्रोसेसरच्या लक्षात येते आणि तो काम थांबवून कर्नेलला जागे करतो. कर्नेल नकाशा पाहते, पान आणून बसवते आणि थांबलेली सूचना पुन्हा चालवते. यालाच पेज फॉल्ट म्हणतात. नावात दोष असला तरी यात बिघाड काही नाही, दिवसभर असंख्य वेळा चालणारा हा नेहमीचा व्यवहार आहे. नकाशा पाहताना दुसऱ्या कोणी तो बदलू नये म्हणून कर्नेल त्या प्रोग्रामच्या नकाशाचे लॉक घेते. २००९ मध्ये त्याला एमएमॅप-सेम म्हणत. २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीपासून त्याचे नाव एमएमॅप-लॉक झाले.

आता त्या मुलाचा ड्रायव्हर पाहू. त्यात पानांचा एक छोटा साठा होता आणि त्याच्या राखणीला एक लॉक होते. त्याने दोन सोयी दिल्या होत्या. पहिली सोय अशी की प्रोग्रामने हा साठा आपल्या नकाशात जोडून घ्यावा आणि थेट वाचावा-लिहावा, अशा जागेवर पेज फॉल्ट झाला की कर्नेल ड्रायव्हरला विचारते, "इथे कोणते पान बसवू?", आणि ड्रायव्हर आपले लॉक घेऊन साठ्यातले पान काढून देतो. दुसरी सोय अशी की प्रोग्रामने स्वतःच्या मेमरीतला मजकूर ड्रायव्हरकडे सोपवावा आणि ड्रायव्हरने तो साठ्यात उतरवून घ्यावा. त्यासाठी ड्रायव्हर आपले लॉक घेतो आणि कॉपी फ्रॉम यूझर हे कर्नेलचे नेहमीचे फंक्शन बोलावतो. दोन्ही फंक्शने प्रत्येकी वीस-पंचवीस ओळींची होती आणि वेगवेगळी वाचली तर त्यांत बोट ठेवायला जागा नव्हती.

मी त्याला फरशीवर खडूने दोन रकाने काढायला सांगितले. पहिल्या रकान्यात त्याने पेज फॉल्टची वाट लिहिली : कर्नेलने नकाशाचे लॉक आधीच घेतलेले आहे, मग ड्रायव्हरचे लॉक. दुसऱ्या रकान्यात मजकूर उतरवण्याची वाट लिहिली : ड्रायव्हरचे लॉक, मग कॉपी. तिथे तो थांबला. मी विचारले, "तू ज्या मेमरीतून कॉपी करतो आहेस, तिचे पान जाग्यावर नसले तर?" त्याने काही न बोलता 'कॉपी' या शब्दाखाली 'नकाशाचे लॉक' असे लिहिले. दोन्ही रकान्यांत तीच दोन लॉके होती, क्रम मात्र उलटा होता.

इथे बारकाईने वाचणारा एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. नकाशाचे लॉक दोन प्रकारे घेता येते, वाचण्यासाठी आणि बदलण्यासाठी. पेज फॉल्टमध्ये ते वाचण्यापुरते घेतले जाते आणि वाचणारे कितीही असले तरी एकमेकांना अडवत नाहीत. मग दोन्ही वाटा केवळ वाचणाऱ्या असतील तर कोंडी होईल कशी? त्यासाठी तिसरा धागा लागतो. धागा (थ्रेड) म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये इतरांच्या बरोबरीने स्वतंत्रपणे चालणारे काम; वरच्या दोन वाटा दोन धाग्यांवर चालत आहेत असे धरू. समजा, त्याच प्रोग्रामचा पहिला धागा नकाशाचे लॉक वाचण्यासाठी घेऊन ड्रायव्हरच्या लॉकसाठी थांबला आहे, कारण ते दुसऱ्या धाग्याकडे आहे. एवढ्यात तिसऱ्या धाग्याने नवी मेमरी मागितली, म्हणजे त्याला नकाशा बदलायचा आहे, आणि पहिला धागा बाजूला होईपर्यंत तो रांगेत उभा राहिला. बदलणाऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून, तो रांगेत असताना नंतर येणाऱ्या वाचकांना कर्नेल त्याच्यामागे उभे करते. आता दुसऱ्या धाग्याला कॉपी करताना पेज फॉल्ट झाला आणि वाचण्यासाठी आलेला तो तिसऱ्याच्या मागे अडकला. पहिला दुसऱ्यासाठी, दुसरा तिसऱ्यासाठी आणि तिसरा पहिल्यासाठी थांबला की वर्तुळ पुरे झाले.

तीन धागे काही लक्षांश सेकंदांच्या फटीत नेमके असे जुळावे लागतात, म्हणूनच असा दोष महिनोन्‌महिने दिसत नाही. मुलाच्या लॅपटॉपवर तो एकदाही दिसला नाही यात नवल नाही. पण याच दोषाचे दुसरे रूप असे आहे की त्याला ना दुसरा धागा लागतो ना योगायोग. प्रोग्रामने ड्रायव्हरचाच साठा आपल्या नकाशात जोडून घेतला, त्याला अजून हात लावला नाही, आणि "या पत्त्यावरून मजकूर उचल" असे सांगत त्याच साठ्याचा पत्ता ड्रायव्हरला दिला, तर काय होईल? ड्रायव्हर आपले लॉक घेईल, कॉपी सुरू करेल, पान नाही म्हणून फॉल्ट होईल, फॉल्ट सोडवायला कर्नेल ड्रायव्हरलाच विचारेल आणि ड्रायव्हर स्वतःच्याच हातात असलेल्या लॉकसाठी थांबेल. हा एकटाच धागा कायमचा अडकला. अपघाताने कोणी असे करत नाही, पण खोडसाळपणे करणाऱ्याला हे चार ओळींत जमते आणि सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रामने सगळा पडदा गोठवावा ही सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर गोष्ट आहे.

कोंडी प्रत्यक्षात होते तेव्हा ती कशी दिसते हेही सांगायला हवे, कारण बहुतेकांना ती ओळखता येत नाही. खिडक्या जागच्या जागी थिजतात, मात्र वेगळ्या प्रोग्राममधून वाजणारे गाणे बराच वेळ चालू राहते आणि नेटवर्कवरून त्या यंत्रात शिरताही येते. शिरून पाहिले तर अडकलेल्या प्रोग्रामपुढे 'डी' हे अक्षर दिसते, म्हणजे तो कोणत्याही संकेताने न उठणाऱ्या झोपेत आहे; सक्तीने मारण्याचा आदेशही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कधी कधी चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारा पीएस हा आदेशच मध्ये थबकतो. प्रत्येक प्रोग्राम कोणत्या शब्दांनी सुरू केला होता हे दाखवण्यासाठी पीएसला त्या प्रोग्रामच्या मेमरीत डोकवावे लागते, त्यासाठी नकाशाचे लॉक हवे असते, आणि तेच तर अडकलेले असते. हे चित्र दिसले की माझा पहिला संशय नकाशाच्या लॉकवर जातो. तशी सोय चालू ठेवलेली असेल तर १२० सेकंदांनंतर, अमुक काम इतका वेळ अडून राहिले आहे, अशी नोंद कर्नेल आपल्या लॉगमध्ये लिहिते. आल्टसह सिस्टिम रिक्वेस्टची कळ दाबून डब्ल्यू दाबले तर अडलेल्या सगळ्या कामांची यादी, ती कोणत्या फंक्शनमध्ये उभी आहेत त्यासह, लॉगमध्ये उतरते. यंत्र बंद करण्यापूर्वी ती यादी टिपून ठेवावी, कारण पुन्हा सुरू केल्यावर पुरावा राहत नाही.

मुलाच्या यंत्रावर यातले काहीच घडले नव्हते, तरी इशारा आला होता. तो देणाऱ्या सोयीचे नाव लॉकडेप. इंगो मोल्नार यांनी ती लिहिली आणि २००६ मध्ये ती लिनक्समध्ये दाखल झाली. लॉकडेप कोंडी होण्याची वाट पाहत नाही. ते प्रत्येक प्रकारच्या लॉकची ओळख ठेवते आणि 'अमुक हातात असताना तमुक मागितले' अशी प्रत्येक जोडी एका आलेखात बाणासारखी टिपते. नवा बाण काढताना वर्तुळ तयार होत असेल तर ते तिथल्या तिथे ओरडते. त्यामुळे दोन वाटा एकाच वेळी चालण्याची गरज राहत नाही. सकाळी एक चालली आणि दुपारी दुसरी चालली तरी पुरे. आणखी एक चतुराई अशी की कॉपी फ्रॉम यूझरमध्ये 'इथे फॉल्ट होऊ शकतो' अशी खूण आधीच ठेवलेली आहे, म्हणून प्रत्यक्षात पान जाग्यावर असले आणि फॉल्ट झाला नाही तरी लॉकडेप तो झाल्यासारखाच धरते. मला ही सोय कर्नेलमधल्या सर्वांत मोलाच्या सोयींपैकी एक वाटते, कारण माणसाला जे दिसत नाही तेच ती दाखवते. तिच्यामुळे यंत्र बरेच मंदावते, म्हणून रोजच्या वापरातल्या कर्नेलमध्ये ती बंद असते आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपले कर्नेल ती चालू करून बांधायचे असते. या मुलाने तसे बांधले होते, आणि त्याचे मला फार कौतुक वाटले.

इशाऱ्याच्या शेवटी लॉकडेप स्वतः एक छोटे चित्र काढते. डावीकडे पहिला प्रोसेसर, उजवीकडे दुसरा, त्यांखाली एकाखाली एक कोणी कोणते लॉक घेतले ते, आणि सर्वांत खाली तीन तारकांमध्ये डेडलॉक हा शब्द. आमच्या फरशीवरचे खडूचे दोन रकाने आणि ते चित्र यांत काडीचाही फरक नव्हता. मुलाने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले आणि "हेच तर तिथे लिहिले होते," एवढेच म्हणाला.

इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये २००९ मध्ये हेच झाले होते. तिथे सगळ्या जेम वस्तूंच्या राखणीला एकच मोठे लॉक होते, स्ट्रक्ट म्यूटेक्स नावाचे. प्रोग्रामकडून मजकूर घेऊन ग्राफिक्सच्या तुकड्यात लिहिणारे फंक्शन हे लॉक धरून कॉपी करत होते, आणि जोडून घेतलेल्या तुकड्यावर फॉल्ट झाला की त्याच्या हाताळणीतही तेच लॉक लागत होते. एरिक अनहोल्ट यांनी मार्च २००९ मध्ये याच्या दुरुस्त्या केल्या.

दुरुस्तीचा पहिला मोह प्रत्येकाला होतो तो असा की कॉपीपुरते लॉक सोडावे आणि नंतर पुन्हा घ्यावे. कोंडी यामुळे जाते, पण तिच्या जागी त्याहून वाईट गोष्ट येते. लॉक सुटल्या क्षणापासून तो तुकडा दुसऱ्या कोणी मोकळा केला असेल, हलवला असेल किंवा त्याची पाने भलत्यालाच दिली असतील, आणि परत आलेले फंक्शन जुन्याच पत्त्यावर लिहीत राहील. मेमरीच्या हाताळणीतल्या अशा फटी किती महाग पडतात हे डर्टी काऊ या दोषाने दाखवले आहे. एक धागा पान मिळवण्याचा पुन्हा प्रयत्न करत असताना दुसऱ्याने मध्येच ते पान टाकून द्यायचे, या शर्यतीतून केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फायलींत लिहिता येत होते. २००७ पासून कर्नेलमध्ये असलेली ती फट २०१६ मध्ये बुजवली गेली. कोंडीत यंत्र अडकते आणि ते निदान डोळ्यांना दिसते. फटीतून मात्र माहिती बिघडते आणि कोणाला कळतही नाही. म्हणून लॉक मध्येच सोडून दिलेली दुरुस्ती माझ्यापुढे आली की मी ती परत पाठवतो.

सरळ उपाय असा की प्रोग्रामचा मजकूर लॉक घेण्यापूर्वीच कर्नेलच्या तात्पुरत्या जागेत उतरवून घ्यायचा, फॉल्ट व्हायचे ते तेव्हाच होऊ द्यायचे, आणि मग लॉक घेऊन तिथून साठ्यात टाकायचा. मुलाच्या ड्रायव्हरला हे पुरेसे होते. पण इथे मजकूर दोनदा हलवावा लागतो, आणि सेकंदाला कोट्यवधी बाइट हलवणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरला ते परवडत नाही. तिथे दोन पायऱ्यांची वाट निवडली गेली. आधी लॉक धरूनच कॉपी करून पाहायची, मात्र 'पान जाग्यावर नसेल तर आणायला जाऊ नकोस, नुसते तसे कळव' असे बजावून. बहुतेक वेळा पाने जाग्यावर असतात आणि काम एका दमात होते. पान नाही असे कळलेच तर लॉक सोडायचे, प्रोग्रामची ती सगळी पाने आधी मेमरीत आणून खिळवून ठेवायची, मग लॉक पुन्हा घेऊन खिळवलेल्या पानांवरून कॉपी करायची. तेव्हा फॉल्ट होणे शक्यच नसते. इथेही लॉक सुटते हे खरे, परंतु त्या वेळेत ग्राफिक्सच्या तुकड्याबद्दल काहीही गृहीत धरलेले नसते आणि लॉक मिळाल्यावर त्याची तपासणी पहिल्यापासून होते. फरक एवढाच आहे आणि सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

दुसरेही एक लपलेले दार आहे. लॉक हातात असताना ड्रायव्हरने कर्नेलकडे थोडी मेमरी मागितली आणि यंत्रात ती संपत आलेली असली, तर कर्नेल ज्यांच्याकडे वापरात नसलेली पाने पडून आहेत त्यांच्याकडे ती परत मागते. ग्राफिक्स ड्रायव्हरकडे अशी पाने भरपूर असतात, म्हणून कर्नेल त्यालाच विचारते, आणि पाने मोकळी करायला ड्रायव्हरला तेच लॉक हवे असते. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये काही काळ अशी तडजोड होती की लॉक मिळते का ते नुसते अजमावायचे, आणि ते आपल्याच हातात आहे असे आढळले तर तसेच पुढे जायचे. त्यामुळे लॉक घेऊन काम करणाऱ्या कोणत्याही फंक्शनच्या पायाखालून, त्याने मेमरी मागितल्या क्षणी, त्याची पाने निघून जाण्याचा धोका होता. एक मोठे लॉक मोडून लहान, नेमक्या जबाबदारीची लॉके करणे हाच यावरचा खरा उपाय होता आणि पुढच्या वर्षांत ते काम हळूहळू झाले.

लहान लॉके म्हणजे क्रमाचा प्रश्न पुन्हा उभा. चिपला दिलेल्या एका कामात शेकडो तुकडे लागू शकतात, प्रत्येकाला आपले लॉक, आणि कोणते तुकडे कोणत्या क्रमाने येतील हे प्रोग्राम ठरवतो. इथे ठरलेला क्रम पाळता येत नाही, म्हणून २०१३ मध्ये ३.११ या आवृत्तीत मार्टेन लँखोर्स्ट यांच्या कामातून निराळ्या प्रकारचे लॉक आले. त्याची कल्पना डेटाबेसच्या अभ्यासकांनी १९७८ मध्येच मांडलेली होती. प्रत्येक कामाला सुरुवातीला एक क्रमांक मिळतो. दोन कामे समोरासमोर आली तर जुन्या क्रमांकाचे थांबते आणि नव्याला माघार घ्यावी लागते : हातातली सगळी लॉके सोडायची, अडलेले लॉक मिळेपर्यंत थांबायचे, आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. मात्र क्रमांक जुनाच राहतो, त्यामुळे दर माघारीबरोबर ते काम इतरांच्या तुलनेत जुने होत जाते आणि कधी ना कधी त्याची पाळी येतेच.

पण ही लॉके आपापसांत नीट वागली तरी नकाशाच्या लॉकशी त्यांचा क्रम काय, हे बराच काळ सर्वत्र सारखे ठरलेले नव्हते. काही ड्रायव्हरांत तुकड्याचे लॉक आधी होते, आणि फॉल्टच्या वाटेवर ते नुसते अजमावून, न मिळाल्यास माघारी फिरून पुन्हा येण्याची युक्ती वापरलेली होती. २०१९ मध्ये डॅनियल व्हेटर यांनी क्रम पक्का केला : नकाशाचे लॉक बाहेर, तुकड्याचे त्याच्या आत, आणि मेमरी मागणे त्याहून आत. हा नियम नुसता कागदावर ठेवला नाही. लॉकडेप चालू असलेले कर्नेल सुरू होताना कोणतेही काम नसताना ही लॉके या क्रमाने एकदा घेते आणि सोडते, केवळ लॉकडेपच्या आलेखात योग्य बाण उमटावेत म्हणून. त्यानंतर जगात कुठल्याही ड्रायव्हरने उलटा बाण काढला तर पहिल्याच खेपेला इशारा मिळतो. २०२३ मध्ये ६.४ या आवृत्तीपासून पेज फॉल्टसाठी पूर्ण नकाशाऐवजी त्या भागापुरते छोटे लॉक आधी अजमावले जाते. त्याने गर्दी कमी झाली, परंतु वरचा क्रम तसाच आहे.

त्या मुलाने कॉपी लॉकच्या बाहेर नेली आणि एका वेळी ६४ किलोबाइटपेक्षा जास्त मजकूर घ्यायचा नाही अशी मर्यादा घातली. पहिला इशारा दिल्यावर लॉकडेप स्वतःला बंद करून घेते, म्हणून त्याने यंत्र पुन्हा सुरू केले, दोन्ही वाटा चालवल्या आणि लॉग स्वच्छ आला. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याने ड्रायव्हरच्या आरंभीच्या फंक्शनमध्ये चार ओळी वाढवलेल्या होत्या : नकाशाचे लॉक घे, ड्रायव्हरचे लॉक घे, ते सोड, पहिले सोड. मग माझ्यासमोर त्याने कॉपी मुद्दाम पुन्हा लॉकच्या आत ठेवली, साठा जोडून घेणारी सोय चालवलीच नाही, फक्त मजकूर उतरवण्याची एकदा चालवली. लॉगमध्ये तेच दोन रकाने आणि खाली तीन तारकांमधला तोच शब्द उमटला. त्याने तो भाग वहीत उतरवून घेतला, कॉपी पुन्हा बाहेर नेली आणि यंत्र नव्याने सुरू करायला लावले.